दाढीच्या डब्यातली खोच

आमच्या बापूंना कोणतीही वस्तू नुसती वापरता यायची नाही. औंढ्याच्या बाजारातून मायने साधं नेलकटर आणलं तरी ते आधी बापूंच्या हातात जायचं, आणि मग अर्धा तास घरातल्या कुणाच्याही नखांना मुहूर्त लागायचा नाही. ते त्याची दांडी वर करत, खाली करत, डोळ्याजवळ नेत आणि शेवटी मला हाक मारत, "सुमे, इकडं ये. यात खोच हाये." खोच म्हणजे बनवणाऱ्याने वस्तूत घातलेली आणि घेणाऱ्याला न सांगितलेली अक्कल. नेलकटरच्या शेपटाला भोक का, तर दोरी ओवून खुंटीला अडकवायला. आतल्या कानशीचं टोक वाकडं का, तर नखातली माती काढायला. धार सरळ न ठेवता कमानीसारखी का, तर बोटाचं टोक गोल असतं म्हणून. हे सगळं ते अशा थाटात सांगत, जणू कारखानदाराने त्यांना विचारूनच साचा पाडला होता. माय चुलीपुढून म्हणायची, "नखं काढा आता, न्हाईतं त्या खोचीचीच भाजी करून वाढते."

बापू पाटकरी होते. सिद्धेश्वर धरणाचा कालवा आमच्या गावाच्या वरच्या अंगाने जातो. त्यातून फुटणाऱ्या चाऱ्यांची लोखंडी दारं फिरवून ज्याची पाळी असेल त्याच्या रानाला पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. दिवसभर चाकं, आटे आणि दांड्या यांच्याशीच गाठ, त्यामुळे असेल, घरी आल्यावरही त्यांचे डोळे वस्तूंच्या फटींतच फिरायचे. मोठी ताई लग्न होऊन गेलेली, घरात आम्ही तिघंच, आणि मायला या खोचींत काडीचा रस नव्हता. म्हणून त्यांचं सगळं ज्ञान माझ्या वाट्याला आलं. कंगव्याचे दोन्ही टोकांचे दात जाड असतात ते आतल्या नाजूक दातांना सांभाळायला. उवांच्या लाकडी फणीचे दात बुडाशी जाड आणि टोकाशी निमुळते असतात, म्हणजे फटीत शिरलेली लीख बुडाशी जाऊन अडकते. केस कापायच्या कात्रीच्या एका कडीला बाहेरून बारकं शेपूट असतं, ते करंगळी टेकवायला. त्याच्यावर भार पडतो आणि दिवसभर काम करणाऱ्याचा अंगठा दुखत नाही. मी हे शाळेत पोरींना सांगायचे आणि त्या मला 'खोचीण' म्हणायच्या. मला ते नाव आवडायचं.

या सगळ्यांत मोठी गंमत होती बापूंच्या दाढीच्या डब्यात. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत ब्रश, साबणाची वाटी, तुरटीचा खडा, ब्लेडची पाकिटं आणि तुकड्यांत सुटणारा पितळी रेझर. बुधवारी आणि रविवारी सकाळी ते अंगणातल्या लिंबाखाली बसत, आरसा खोडाच्या खिळ्याला टांगत आणि जगाला पाठ करून घेत. पाण्याच्या तांब्यावर रेझर आपटल्याचा टिणटिण आवाज आणि आत मायच्या भाकरी थापण्याचा थपथप आवाज; रविवार म्हटलं की माझ्या कानात अजून हेच दोन आवाज येतात. चुलीवर येसरच्या आमटीला उकळी आलेली असायची, आणि बापूंचा एक गाल पांढरा तर एक गुळगुळीत. ब्रश वापरून झाला की केस खाली करून टांगायचा, म्हणजे पाणी मुळांशी मुरत नाही आणि केस गळत नाहीत, एवढी खोच त्यांनी मला सांगितली. रेझरला मात्र कधी हात लावू दिला नाही. "पोरीच्या जातीला याचं काय काम? बोट कापून घेशील," म्हणायचे आणि डबा फळीवर ठेवून द्यायचे. मीही हट्ट धरला नाही. एरवी साध्या गोष्टींसाठी घर डोक्यावर घेणारी मी, नेमकी तिथेच शहाण्यासारखी वागले.

हळद शिजवायचे दिवस होते. गावभर कढयांचा तो वास भरला होता, कपड्यांना, केसांना, भाकरीलासुद्धा. बापू सकाळी चारीचं दार उचलायला गेले आणि तिथेच चाकावर आडवे झाले. नांदेडच्या दवाखान्यात तीन आठवडे काढले. घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लाकडासारखा, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि वाचा पार गेलेली. नुसता आ-आ असा आवाज निघे. निघताना डॉक्टर मायला म्हणाले होते, "यांना आता काही समजायचं नाही. लहान लेकराला सांभाळता तसं सांभाळा." डॉक्टर घाईत होते, त्यांच्या मागे रांग होती. पण आम्ही ते वाक्य औषधांच्या पिशवीबरोबर जपून घरी आणलं. विचारपूस करायला आलेल्या बायांना मायने तेच सांगितलं, "काई कळत न्हाई बाई ह्यांना." बापू तिथेच बाजेवर पडून होते, डोळे उघडे ठेवून.

दवाखान्यातून आम्ही आणखी एक गोष्ट घेऊन आलो होतो, ती म्हणजे एक शब्द. पोटातलं वर येण्याला आमच्याकडे वकारी म्हणतात. पण तिथल्या नर्सबाई रोज सकाळ-संध्याकाळ विचारायच्या, "उलटी झाली का? उलटीसारखं होतंय का?" तीन आठवडे ते ऐकून माय आणि मीसुद्धा उलटीच म्हणायला लागलो. जरा शहरातल्यासारखं वाटायचं. एवढ्याशा हौसेची किंमत काय पडेल, हे कुणाला ठाऊक असतं!

बापूंची दाढी वाढत चालली. आमच्याकडे घरात कुणी गेलं की पुरुष दाढी करत नाहीत, त्यामुळे बापूंच्या तोंडावरची ती पांढरी खुंटं बघून मायला कसंतरी व्हायचं. गावात केस कापणारे तुकारामकाका दोनदा येऊन वस्तऱ्याने दाढी करून गेले. तिसऱ्यांदा बापूंनी एकदम मान झटकली, वस्तरा कानाच्या पाळीला लागला आणि काकांनी तो पुसून मिटला. "वैनी, माझ्याच्यानं व्हत न्हाई आता," म्हणाले आणि गेले. मग मी फळीवरून तो डबा काढला. रेझरला हिरवट गंज चढला होता. मी तो सगळा सोडवला, चिंचेने घासला, खोबरेल लावलं, आणि पुन्हा जोडायला बसले. वरचं टोपण, मधे ब्लेड, खाली दातेरी पट्टी आणि मग दांडी. ती पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी नव्हती. एका अंगाने फुगीर, दुसऱ्या अंगाने खोलगट. आता ती कशी बसवायची? मी बापूंची चेली. मी ती डोळ्याजवळ नेली, फिरवली, विचार केला आणि खोच शोधून काढली. खोलगट बाजू वर ठेवायची, म्हणजे ताटात भाकरी बसावी तसं ब्लेड तिच्यात बसतं! दांडी पुरती घट्ट होईना, डोकं जरासं हलायचं. मी म्हटलं, जुना आहे, आटे झिजले असतील. शोधाच्या आनंदात मी होते.

पहिल्या दिवशी साबणाचा फेस लावताना बापूंनी डोळे मिटले. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर बरं वाटल्यासारखं काही दिसत होतं. मी रेझर गालाजवळ नेला तसे त्यांनी डोळे उघडले. रेझरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ओठ वाकडे-तिकडे हलवले आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्या तोंडातून शब्द बाहेर पडला, "उलटी."

"माय!" मी किंचाळलेच. "बापू बोलले!"

माय पिठाच्या हातांनी धावत आली. "काय म्हनले?"

"उलटी म्हनले."

"अगं मंग बघून काय राहिलीस? घमेलं आन!"

मी घमेलं आणलं, मायने त्यांचं डोकं धरून पुढे वाकवलं. बापू डाव्या हाताने घमेलं ढकलायचे आणि तोच हात हवेत पालथा करायचे, उताणा करायचे, पुन्हा पालथा. "उलटी, उलटी." माय म्हणाली, "पोटात ढवळून राहिलं बघ त्यांच्या. हातानं दाखवून राहिले बिचारे." पाच मिनिटं वाट बघितली. काही झालं नाही. मग मी दाढी केली. तीन ठिकाणी कापलं. गालाची कातडी सैल पडली म्हणून कापतं, असं आम्ही ठरवलं आणि तुरटी फिरवली.

पुढचे चार महिने हेच. बुधवारी आणि रविवारी. रेझर दिसला की "उलटी", आणि उलटी म्हटलं की घमेलं. इतर वेळी तो शब्द कधी येत नाही, हे आमच्या लक्षात आलं नाही असं नाही. आम्ही त्यातूनही अर्थ काढला. माय म्हणाली, साबणाचा वास सहन होत नसेल. साबण बदलला. मग दाढीच्या आधी काही खायला द्यायचं बंद केलं. म्हणजे बुधवारी आणि रविवारी तो माणूस दहा वाजेपर्यंत उपाशी. मग लिंबू-साखर चाटवली, मोरावळा झाला. शेवटी वसमतच्या एका डॉक्टरला सांगितलं, त्याने उलटी थांबायची गोळी दिली. त्या गोळीने बापूंना गुंगी यायची. शब्द अर्धवट फुटायचा, "उल...", आणि मान कलायची. आम्हाला वाटलं, गोळी लागू पडली. आम्ही वाईट माणसं नव्हतो, हे मला आजही सांगावंसं वाटतं. आम्ही त्यांच्यासाठी जे जे सुचलं ते सगळं केलं. प्रेमाने केलं आणि नेमकं चुकीचं केलं.

आणि त्यांच्या बाजेभोवती आम्ही बोलत होतो. घर दोन खोल्यांचं, आत बोलायला दुसरी जागा नाही, आणि ज्याला कळत नाही त्याच्यापासून लपवायचं तरी काय? डोंगरकड्याचा मामा, मायचा धाकटा भाऊ, महिन्याकाठी येऊन जायचा. केळीची फणी, गुळाची ढेप, काहीतरी घेऊनच यायचा, मनाने फार चांगला. एकदा बाजेच्या कडेलाच टेकून मायला म्हणाला, "अक्का, वाईट वाटून घेऊ नको, पन खरं ते बोलतो. दाजी नोकरीत हायेत तवर काई झालं, तं सुमीला अनुकंपावर नोकरी लागंल. रिटायर झाल्यावर झालं, तं मंग काईच न्हाई." मायने नुसती मान हलवली. शेजारच्या बाईजवळ मात्र तिने दारात बसून म्हटलं होतं, "देवानं सोडवावं आता ह्यांना. जनावराचंबी असं होऊ न्हाई." दारापासून बाजेपर्यंत सहा पावलं.

माझं वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, ताईलाही नाही. त्या उन्हाळ्यात नांदेडच्या एका अध्यापक विद्यालयात माझं नाव लागलं. बापूंचीच इच्छा होती ती. मी मास्तरीण व्हावं, एवढंच ते लोकांना सांगत फिरायचे. पत्र आलं आणि मायने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती रोजाने निंदायला जायची, मग बापूंना कोण उठवणार, कोण भरवणार? पत्र मी वहीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. घरात मी आणि बापूच. मी फेस करत होते, हात चालत होता, आणि तोंडातून निघून गेलं, "बापू, तुमी नांदेडहून वापस आलाच नसता तं बरं झालं असतं." मोठ्याने म्हणाले. भिंतीशी बोलावं तसं. मग दाढी केली. त्या दिवशी बापू एकदाही उलटी म्हणाले नाहीत. हनुवटीला खोल कापलं तरी हूं केलं नाही. मी संध्याकाळी मायला कौतुकाने सांगितलं, आज बरं होतं बापूंना.

पोळा होऊन गेल्यावर मामा मुक्कामाला आला. सकाळी अंगणात बसला, गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सुमे, दाजीचा रेझर दे जरा. माझा घरीच राहिला." मी डबा दिला. माय चहा गाळत होती, बापूंची बाज आम्ही उन्हासाठी दारात ओढली होती. मामाने नवीन ब्लेड घालायला दांडी फिरवली, टोपण काढलं आणि हसायला लागला.

"हे कोन बसवलं गं?"

"मीच. काहून?"

"अगं, पट्टी उलटी हाये की!"

त्याने ती उताणी केली. फुगीर बाजू वर. ब्लेड ठेवलं, टोपण ठेवलं, दांडी आवळली. दांडी पुरती आवळली गेली, आणि ते सपाट ब्लेड दोन्हींच्या मधे वाकून कमानीसारखं बसलं. धार आत, फक्त एक केसभर बाहेर. "ही खोच हाये याच्यात," मामा मला समजावून सांगत होता. "ब्लेड वाकलं पायजे. सपाट राहिलं तं कातडंच सोलंल." तो पुढेही काही बोलत होता. मला ऐकू येत नव्हतं. मी बापूंकडे बघत होते. बापू बाजेवरून माझ्याकडे बघत होते. त्यांचा डावा हात छातीवर होता. त्यांनी तो उचलला, हळूच पालथा केला, उताणा केला आणि खाली ठेवला. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तोंड वाकडं असल्यामुळे ते हसत होते की रडत होते हे कळायला मार्ग नव्हता. मी त्यांच्या पायाशी बसले आणि मला रडूच येईना.

मायच्या हातात गाळणी तशीच होती. तिला एक-एक करत सगळं उमगत गेलेलं मी तिच्या तोंडावर बघितलं. घमेलं, साबण, उपाशी ठेवलेल्या सकाळी, गोळी. आणि मग त्याच्या पलीकडचं. ती चुलीपासून उठली नाही. खालच्या आवाजात, जणू आता कुणी ऐकू नये अशा आवाजात, तिने मला विचारलं, "म्हंजे समदं ऐकलं का गं ह्यांनी?"

मामाने रेझर डब्यात ठेवला. दाढी न करताच दुपारच्या गाडीने गेला. दिवाळीपर्यंत आला नाही.

त्या दिवसानंतर बापूंची दाढी मी सुरेख करायला लागले. एकदाही कापलं नाही. त्यांना तो शब्द वापरायची गरज उरली नाही, आणि दुसरा शब्द शेवटपर्यंत आला नाही. रेझर गालावरून फिरवताना दर वेळी मी मनात म्हणायचे, आज माफी मागू. बापू माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्या हनुवटीकडे बघायचे. त्यांना सगळं कळतं आहे, हे कळल्यावर त्यांच्याशी बोलायचं धाडस आमच्यात उरलं नाही. मायला लाज वाटायची, मला भीती वाटायची. आम्ही खुणांनी बोलायला लागलो, काही बोलायचं असलं की गोठ्यात जाऊ लागलो. शेजारणी आल्या तर माय त्यांना ओट्यावरच बसवायची. घर इतकं शांत झालं की कालव्याला पाणी सुटलं तर घरात बसून ऐकू यायचं. आम्हाला वाटायचं, आम्ही त्यांचा मान राखतो आहोत. दोन वर्षांनी बापू गेले, निवृत्तीला काही महिने असताना, आणि मामा म्हणाला होता तसंच झालं. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत मी कारकून म्हणून लागले आणि त्याच नोकरीवर माझा संसार उभा राहिला. लोक म्हणतात, वडिलांची पुण्याई. मी मान हलवते.

पण मला त्यांच्या जाण्याआधीची एक दुपार सांगायची आहे. माय आणि मी चुलीपाशी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. शेंगा फुटण्याचा आवाज तेवढा. अचानक बापूंनी डाव्या हाताने बाजेच्या कडेचं लाकूड वाजवायला सुरुवात केली. आम्ही दोघी धावलो. पाणी दिलं, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. कूस बदलू का, तर नाही. भांडं आणू का, तर नाही. मग त्यांनी हात उचलला आणि मायच्या ओठांना लावला, मग माझ्या ओठांना लावला, आणि शेवटी तो स्वतःच्या कानावर नेऊन ठेवला.

या वेळी आम्हाला बरोबर कळलं. चुकायला जागाच नव्हती. माय पदराने डोळे पुसून बाजेच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "यंदा तूर बरी हाये."

बापूंनी मान हलवली आणि पुढचं ऐकायला डोळे मिटून घेतले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, आणि आम्हाला पुढे काही सुचलं नाही.